आत्याच्या हनुवटीवरची खूण

फोटो पाठवून दहा मिनिटं झाली नसतील, तोच आत्याचा फोन. मला वाटलं, कौतुक करणार. खिडकीशी बसलेली आत्या, डाव्या गालावर सकाळचा उजेड, मांडीवर चष्मा, हातात अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. गेल्या वर्षभरात काढलेल्या फोटोंत हा माझा सगळ्यात लाडका.

"अरे, माझी खूण कुठंय?"

"कसली खूण?"

"हनुवटीवरची! तुझ्या बापाला कडेवर घेऊन जिन्यावरून पडले होते, चार टाके पडले होते. फोटोत दिसतच नाहीये. कुणाची हनुवटी लावलीस मला?"

फोन कानाला धरूनच मी लॅपटॉप उघडला. खरंच नव्हती. रात्री अकरा-सव्वाअकराला मी हीलिंग ब्रश, म्हणजे फोटोतले डाग पुसायचं सॉफ्टवेअरमधलं हत्यार, घेऊन बसलो होतो. सेन्सरवरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपवरच्या, धुळीचे दोन ठिपके उडवले, भिंतीवरून लोंबणारी एक वायर उडवली आणि त्याच ओघात हनुवटीवरची ती रेघही. एक क्लिक. सदऱ्यावरचा दोरा झटकावा तसा. आपण काही पुसतोय हे त्या वेळी डोक्यातही आलं नाही, आणि ही खूण मी जन्मापासून बघतोय.

आता हे वाचून कुणी म्हणेल, बघा, म्हणूनच आम्ही एडिट करत नाही. तर तसं नाही. फोटोखाली 'काहीही एडिट केलेलं नाही' असं अभिमानाने लिहिलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. तुम्ही केलं नसेल, कॅमेऱ्याने केलंय. सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची काच असते: निम्म्यांवर हिरवी, पाव भागावर लाल, उरलेल्या पाव भागावर निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावावर 1976 साली या मांडणीचं पेटंट झालं आणि आजही बहुतेक कॅमेरे, फोन तिच्यावरच चालतात. म्हणजे प्रत्येक बिंदूला स्वतःचा एकच रंग ठाऊक असतो, बाकीचे दोन तो शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून अंदाजाने भरून घेतो. तुमच्या 'अस्सल' फोटोतले रंगांचे दोन तृतीयांश आकडे मोजलेले नसतात, हिशोबाने काढलेले असतात. त्यावर कॅमेरा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ठरवतो, कॉन्ट्रास्ट चढवतो, नॉइज, म्हणजे रंगांची खरखर, घासून काढतो, कडा धारदार करतो आणि जेपेग नावाची तयार फाइल बांधून हातात देतो. फोन तर बऱ्याचदा एका क्लिकमध्ये पाच-सात फ्रेम घेऊन त्यांचा एक फोटो शिजवतो. कुठल्या तरी इंजिनिअरने आधीच ठरवून ठेवलेल्या चवीचा.

मी रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, ठेवतो ती एवढ्याचसाठी. 14 बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक बिंदूला उजेडाच्या 16,384 पायऱ्या असतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256. आत्याच्या फोटोत याचा फार उपयोग झाला. खिडकीबाहेरचं झाड जळून पांढरं होऊ नये म्हणून मी मुद्दाम कॅमेऱ्यात कमी उजेड घेऊन फोटो काढला होता, त्यामुळे कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये आत्याचा उजवा गाल म्हणजे नुसता काळोख. रॉमध्ये शॅडोज, म्हणजे सावल्या, उचलल्यावर त्या काळोखातून आधी कानातली कुडी आली, मग सुरकुत्या, मग खुर्चीच्या पाठीचं विणकाम. हायलाइट्स, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली ओढले, झाडाची पानं परत आली. सावलीतला उजेड निळा पडतो, त्याने चेहरा आजारी दिसत होता, म्हणून रंग थोडा उबेकडे नेला. मागच्या भिंतीचा कोपरा नजर खेचत होता, तो ब्रशने अंधारला. या सगळ्यात वीस मिनिटं गेली आणि शेवटी पडद्यावर जे दिसलं ते मला त्या सकाळी डोळ्यांनी दिसलं होतं, त्याच्या बरंच जवळ होतं.

हे दुखणं काही डिजिटलचं नाही. 1850च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढायचा तेव्हा त्याची हीच अडचण होती. त्या काळच्या काचेवरच्या रसायनाला निळा रंग फार लवकर लागायचा, त्यामुळे लाटा नीट उमटेपर्यंत आकाश करपून जायचं. त्याने काही फोटोंत आकाशाची एक निगेटिव्ह आणि समुद्राची दुसरी, अशा जोडून प्रिंट काढल्या. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सने 1941 साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा जो प्रसिद्ध फोटो काढला, त्याच्या सुरुवातीच्या आणि नंतरच्या प्रिंट शेजारी ठेवून बघा. आधीच्या आकाशात फिकट ढग दिसतात, नंतरचं जवळजवळ काळंभोर. निगेटिव्ह एकच. ती 1948 साली पुन्हा रसायनात घालून तिचा खालचा भाग त्याने गडद करून घेतला होता, आणि पुढे अनेक वर्षं डार्करूममध्ये कुठे उजेड अडवायचा, कुठे जास्त पाडायचा, याची खटपट चालूच राहिली. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये 'डॉज' आणि 'बर्न' ही नावं आहेत, ती त्याच डार्करूममधून आली आहेत.

अंधारलेला कोपरा आणि पुसलेली खूण, यांत मात्र फरक आहे. तो मला आत्याच्या आधी एका बातमीने दाखवला होता, पण तेव्हा मी हसलो होतो. 2010 साली वर्ल्ड प्रेस फोटो या बातम्यांच्या फोटोंच्या स्पर्धेतलं एक बक्षीस रद्द झालं. फोटोत एका हाताला पट्टी बांधली जात होती. छायाचित्रकाराने मूळ रंगीत फोटोचा मोठा भाग कापून टाकला होता, उरलेला कृष्णधवल केला होता, त्यावर दाणेदारपणा चढवला होता. या कशालाच आक्षेप नव्हता. आक्षेप कशाला, तर हाताच्या मागे कुणाच्या तरी पावलाचा एक इवलासा तुकडा डोकावत होता, तो त्याने पुसला होता. मी म्हटलं होतं, काय हा कीस! क्रॉप करून तेच पाऊल बाहेर काढलं असतं तर चाललं असतं म्हणे. आत्याशी बोलताना तो पावलाचा तुकडा एकदम आठवला.

माझं काम नॉन-डिस्ट्रक्टिव्ह पद्धतीचं, म्हणजे मूळ फाइलला हात लागत नाही, केलेल्या बदलांची नुसती नोंद राहते. हनुवटीवरचा हीलिंगचा ठिपका निवडला, डिलीट दाबलं, खूण परत. कडेने येणाऱ्या उजेडात ती बारीक चंदेरी रेघेसारखी दिसत होती.

"आली का?" आत्या.

"आली. मागची वायरपण परत आणू?"

"कुठली वायर?"

"खिडकीच्या बाजूला लोंबते ती. तीपण काढली होती."

"ती राहू दे काढलेली. ती कुठे माझी होती?" मग जरा थांबून, "केस काळे करता येतात का रे त्यात?"

"येतात."

"...नको. लोक विचारतील, कधी केले."

पाठवतानाही माझे घोळ होतात, ते सांगून टाकतो. पहिल्या वेळी एका नातेवाइकाच्या टॅबलेटवर हाच फोटो पाण्यातून काढल्यासारखा फिका दिसला. कारण मी एक्सपोर्ट करताना अ‍ॅडोबी आरजीबी ठेवलं होतं. हा रंगांचा मोठा डबा छपाईला बरा, पण ज्या अ‍ॅपला तो ओळखता येत नाही ते त्यातले रंग मेलेले दाखवतं. पडद्यावर पाठवायचं तर मुकाट्याने एसआरजीबी, हा लहान पण सगळीकडे चालणारा डबा. रात्री दिवे मालवून, स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट करण्याची खोडही मला महागात पडलीय. तेव्हा छान वाटलेला फोटो सकाळी दुसऱ्यांच्या फोनवर काळाठिक्कर. मेसेजिंग अ‍ॅपमधून फोटो म्हणून पाठवला तर ते दाबून लहान करतं, म्हणून मी तो डॉक्युमेंट म्हणून जोडतो. पण मग फोटोच्या आतली माहितीही सगळी तशीच जाते, फोनने काढलेला असेल तर कुठे काढला ते ठिकाणसुद्धा. आत्या एकटी राहते. लोकेशन काढून टाकायची खूण आता मी एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये कायमची करून ठेवलीय.

आणि हल्ली फोटोखाली एक ओळ लिहितो: क्रॉप, सावल्या उचलल्या, भिंतीवरची वायर काढली. एक मित्र त्याला जमाखर्च म्हणतो. म्हणू दे. ही ओळ लिहायला बसलो की आपण काय काय केलं ते एकदा आठवावं लागतं. आत्याच्या पहिल्या फोटोखाली ती लिहायची असती तर 'हनुवटीवरची खूण पुसली' हे टाइप करताना हात थांबला असता, असं मला वाटतं. खात्री नाही. कदाचित 'किरकोळ सफाई' असं लिहून मोकळा झालो असतो.

दुसरा फोटो आत्याला पसंत पडला. त्याच संध्याकाळी तिने तो डीपीला लावला. स्वतःच दोन बोटांनी मोठा केला, सरकवला, मध्यावर आणला. त्या गोल चौकटीत आता कपाळ, डोळे, नाक आणि हसू आहे. हनुवटी खालून कापली गेलीय.