एमएस आणि उणे ११० डिग्रीचं क्रायो चेंबर – माझा अनुभव

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब होण्याचा आजार. तो असलेले बरेच जण विचारतात की पूर्ण शरीराला थंडी देतात त्या क्रायोथेरपीने खरंच काही फरक पडतो का, म्हणून नीट लिहितेय. आधी हे सांगते की याने एमएस बरा होत नाही. न्यूरोलॉजिस्टने दिलेली औषधं मी एक दिवसही बंद केली नाहीत, ही फक्त जोडीची ट्रीटमेंट आहे.

माझे मुख्य त्रास म्हणजे थकवा, म्हणजे झोपून उठल्या उठल्याच अंगात त्राण नसतं तो, आणि उजवा पाय कडक होणं. त्यात उष्णता अजिबात सहन होत नाही, गरम पाण्याने आंघोळ केली की डोळ्यांना धूसर दिसायला लागतं आणि पाय ओढला जातो. याला उथॉफ फिनॉमेनन म्हणतात, विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये ते नोंदवलं होतं. मायलिन म्हणजे नसेवरचं आवरण, ते खराब झालेल्या नसेत शरीराचं तापमान अर्धा डिग्री वाढलं तरी संदेश अडकू शकतो, अंग थंड झालं की परत पहिल्यासारखं होतं. हे समजल्यावरच थंडीच्या ट्रीटमेंटबद्दल वाचायला लागले.

ही पद्धत मुळात जपानमधली, तोशिमा यामाउची यांनी १९७८ च्या सुमारास संधिवाताच्या पेशंटसाठी वापरली. पुढे पोलंडमध्ये ती फिजिओथेरपीचाच भाग झाली आणि एमएसच्या पेशंटवरचे अभ्यासही तिकडे झाले, त्यात थकवा कमी झालेला दिसला पण ग्रुप छोटे होते. औषधं आणि वैद्यकीय मशीनना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने तर २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की कुठल्याही आजारासाठी अशा मशीनला त्यांची मान्यता नाही. हे सगळं न्यूरोलॉजिस्टशी बोलूनच मी हो म्हटलं.

सुरुवातीला ईसीजी, बीपी आणि प्रश्नांची भली मोठी यादी. थंडीने अंगावर पित्त उठतं का, बोटं पांढरी पडतात का, हार्टचा त्रास, रक्ताच्या गुठळ्या, प्रेग्नन्सी. यातलं काही असेल तर आत सोडतच नाहीत आणि ते बरोबरच आहे. बीपी तर प्रत्येक वेळी आत जायच्या आधी बघायचे.

अंग एकदम कोरडं पाहिजे. क्रीम नाही, दागिने नाहीत, कॉन्टॅक्ट लेन्स नाही. थेरपिस्ट गुडघ्यामागे आणि काखेत टॉवेल फिरवायला लावायची कारण घामाचा ओलसरपणा राहिला तर तिथेच कातडी भाजल्यासारखी होते. हातमोजे, जाड मोजे, लाकडी तळाच्या चपला, कानावर पट्टी, तोंडाला मास्क. माझ्या उजव्या पायाच्या बोटांना स्पर्श नीट कळत नाही हे मी सांगितलं होतं, म्हणून बाहेर आल्यावर ती मोजा काढून प्रत्येक बोट दाबून रंग बघायची. तुम्हालाही बधिरपणा असेल तर हे सांगाच, कारण तिथे थंडी जास्त झालेली आपल्याला कळणारच नाही.

आधी उणे ६० च्या खोलीत थोडा वेळ, मग आतलं उणे ११०. तिथे दोन-तीन मिनिटंच असतात, हळूहळू गोल चालत राहायचं, श्वास छोटा घ्यायचा, काचेतून बाहेरचा माणूस बघत असतो आणि स्पीकरवर वेळ सांगत राहतो. हवा कोरडी असल्याने वाटते तेवढी भयानक थंडी नाही पण शेवटच्या अर्ध्या मिनिटात मांड्यांना सुया टोचतात. हातावरच्या लवेवर पांढरं दव गोठलेलं मी स्वतः बघितलं.

आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं, यावर मी जोर देईन. बाहेर आल्यावर पाय आधी उलट जास्त आखडायचा, व्यायामाच्या सायकलवर थोडा वेळ गेला की सैल व्हायचा, आणि मग जे स्ट्रेचिंग आणि बॅलन्सचे व्यायाम एरवी मला दहा मिनिटांत संपवून टाकायचे ते मी पूर्ण करू शकायचे. काही सेंटरमध्ये नुसतं चेंबर करून घरी पाठवतात, माझ्या मते तिथे पैसे घालवू नका. काहींना थंडीने स्पॅस्टिसिटी, म्हणजे स्नायूंचा कडकपणा, वाढते ती वाढलेलीच राहते, त्यांनी पुढे रेटू नये.

मशीन कुठलं हेही विचारा. लिक्विड नायट्रोजनवर चालणाऱ्या काही मशीनमध्ये गॅस आत येतो, ऑक्सिजन कमी होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. चालताना तोल जाणाऱ्यांनी एकटं आत जायचंच नाही.

मला कोर्सच्या मध्यापासून दुपारचं आडवं होणं कमी लागलं, जिने चढताना पाय उचलला जायला लागला. संपल्यावर काही आठवड्यांनी परिणाम ओसरला, पाय मात्र व्यायाम चालू ठेवल्यामुळे अजून बराच बरा आहे. न्यूरोलॉजिस्ट हो म्हणाले तर उन्हाळ्याच्या आधी परत करणार आहे.