ज्याची फजिती, त्याने आधी सांगावी

मधल्या सुट्टीत डबे उघडले की शाळेतल्या माझ्या तरुण सहकारी शिक्षिका एक प्रश्न हमखास विचारतात : "मॅडम, तुमच्या घरात एवढे हसण्यासारखे घडते तरी काय? आमचा तर सगळा दिवस लेकरांवर ओरडण्यात जातो." विचारणाऱ्यांची लेकरे दोन-चार वर्षांची आहेत, त्यांच्या डोळ्यांत अपुरी झोप दिसते आणि त्यांना माझ्याकडून एखादी सोपी युक्ती हवी असते. "काही नाही हो, आपले असेच," असे म्हणून मी आजवर वेळ मारून नेली. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून या वेळी नीट लिहून सांगते.

आधी एक गैरसमज दूर करते. मला राग येतो आणि चांगलाच येतो. लातूरच्या आमच्या गल्लीत माझा आवाज चौथ्या घरापर्यंत जातो, असे त्या चौथ्या घरातल्या काकूंनीच मला सांगितलेले आहे. सांडलेले दूध पाहून ज्यांना त्याच क्षणी हसू फुटते अशा आया असतीलही, परंतु मी त्यांच्यातली नाही. रोज मुलांबरोबर ठरवून अर्धा तास हसावे, असा सल्ला देणाऱ्यांच्या घरी भांडी कोण घासते, हेही मला कळलेले नाही. आमच्या घरातले हसणे प्रसंग घडतो तेव्हा होत नाही. ते रात्री जेवणे आटोपल्यावर, ओट्यावर बसल्यावर, कोणीतरी तो प्रसंग सांगायला घेतो तेव्हा होते. आणि तो कोणी सांगायचा, याचा आमच्याकडे एक पक्का नियम आहे : ज्याची फजिती झाली असेल त्याने ती आधी सांगायची. त्याने सांगेपर्यंत घरातल्या दुसऱ्या कोणीही ती बाहेर काढायची नाही.

हा नियम माझ्या सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा आहे. औसा तालुक्यातल्या एका खेड्यात, पंचवीस माणसांच्या खटल्यात त्या लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांनी थापलेली पहिली भाकरी तव्यावर टाकताना मोडून तिचे दोन तुकडे झाले. त्यानंतर वीस वर्षे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ती भाकरी कोणी ना कोणी सांगत राहिले आणि प्रत्येक सांगण्यात तिचा एकेक तुकडा वाढत गेला. "मोडली तर मोडली, पण भाकर माझी व्हती," असे त्या अजूनही म्हणतात. "मला कुणी एकदाबी सांगू दिली न्हाई."

आता वाघिणींची गोष्ट सांगते, कारण गल्लीत ती सगळ्यांना अर्धवट ठाऊक आहे.

२०१६ सालच्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूरकर टँकरच्या पाण्यावर जगत होते. पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. आमच्या घरी तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला जात असे आणि अंघोळ परातीत बसून करावी लागे, म्हणजे ते पाणी फरशी पुसायला आणि उरलेले संडासात वापरता येई. पिण्याच्या पाण्याच्या दोन कळशा स्वयंपाकघरात देवासारख्या झाकून ठेवलेल्या असत. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी येणार असल्याची बातमी आली. आत्याबाईंना वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याची सवय आहे. पन्नास-पन्नास हजार लिटर पाणी घेऊन दहा वाघिणी लातूरकडे निघाल्या आहेत, असे त्यांनी वाचले आणि ते त्यांच्या मांडीजवळ खेळत बसलेल्या माझ्या पाच वर्षांच्या मुलाने ऐकले. मालगाडीच्या डब्यालाही मराठीत वाघीण म्हणतात, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

१२ एप्रिलला पहाटे ती पहिली गाडी लातुरात पोहोचली. त्या दिवशी दुपारी मी शाळेतून परतले, तर फाटकाबाहेर आमची मोठी पितळी परात काठोकाठ भरून ठेवलेली होती आणि गल्लीतल्या दोन शेळ्या तिच्यात तोंड घालून निवांत पाणी पीत होत्या. स्वयंपाकघरातली एक कळशी रिकामी होती. ती भरून मिळवण्यासाठी मी आदल्या दिवशी अडीच तास उन्हात उभी राहिले होते. पोरगा ओट्यावर बसून शेळ्यांकडे काळजीने पाहत होता. मी काहीही न विचारता त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. तो रडत रडत एकच सांगत होता : "दहा जणी यायल्यात मम्मी, एवढ्या लांबून यायल्यात. तहान लागली असंल की त्यांना." मला त्यातले अक्षरही कळले नाही आणि कळून घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते.

रात्री त्याचे वडील घरी आले. आत्याबाईंनी मला डोळ्यांनी गप्प केले आणि नातवाला पुढे ढकलले. त्याने सगळी हकीगत पहिल्यापासून सांगितली : वाघिणी कशा निघाल्या, त्यांच्या पाठीवर केवढे पाणी होते आणि दुसऱ्याचे पाणी वाहून आणणाऱ्याला ते पिता येत नाही, हे त्याला कसे माहीत होते. शेवटी तो गंभीरपणे म्हणाला, "पप्पा, मम्मीनं मला मारलं. पण शेळ्या वाचल्या." आत्याबाईंनी पदर तोंडात कोंबला. हे जेवता जेवता ताटावरून उठून अंगणात गेले आणि तिथे हसले. मी सर्वांत शेवटी हसले, कारण माझ्या डोळ्यांपुढे अजून ती रिकामी कळशी होती. परंतु एकदा हसू फुटल्यावर मला ते आवरता येईना. त्या हसण्यात धपाट्यांची लाज किती होती, ते तुमचे तुम्ही समजून घ्या.

एवढे होऊनही दोन-तीन वर्षांनी मी तो नियम मोडला. माझी थोरली लेक तेव्हा तेरा वर्षांची होती. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, तिच्या शाळेत ध्वजवंदनानंतर तिचे भाषण होते. मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे माझ्या शाळेतल्या ध्वजवंदनाला होते. दुपारी तिच्या एका बाईंचा मला फोन आला आणि त्यांनी हसत हसत सांगितले की, लेकीने व्यासपीठावर जाऊन पहिलेच वाक्य "आज १५ ऑगस्ट" असे म्हटले आणि सगळे मैदान हसले. त्या वर्षी महालक्ष्म्या त्याच दिवसांत आल्या होत्या. संध्याकाळी चार बायका हळदीकुंकवाला बसल्या असताना मी चहा देता देता तो किस्सा रंगवून सांगितला. चांगलाच रंगला. लेक मधल्या खोलीत दप्तर भरत होती. तिने नऊ दिवस माझ्याशी गरजेपुरतेच बोलणे ठेवले : "डबा", "सही", "हो". आत्याबाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त भाकरी थापताना मुद्दाम एक मोडली आणि माझ्या ताटात वाढली.

पुढे सात-आठ महिन्यांनी, एका रात्री वीज गेलेली असताना, लेकीने तो प्रसंग आपण होऊन सांगितला. "आज १५ ऑगस्ट" असे तोंडून गेले, मैदान हसले, तशी ती क्षणभर थांबली आणि पुढे म्हणाली की, १५ ऑगस्टचा दिवस देशाने १९४७ साली पाहिला, पण निजामाच्या राज्यातल्या आपल्या माणसांना त्यासाठी आणखी तेरा महिने आणि दोन दिवस थांबावे लागले, आणि म्हणून आपण आज जमलो आहोत. मग त्याच मैदानाने टाळ्या वाजवल्या होत्या. फोन करणाऱ्या बाईंनी एवढे सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. मी चार बायकांना जी गोष्ट सांगून हसवले, ती अर्धीच होती आणि तिच्यातला खरा विनोद, म्हणजे चूक सावरण्यातली तिची हुशारी, माझ्याजवळ नव्हताच. तेव्हापासून मी हा नियम देवाच्या नेमासारखा पाळते.

नियम माझ्यावरही चालतो. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला वेळ अमावास्या असते, त्या दिवशी निम्मे लातूर शेतात जेवायला जाते. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा होते आणि मग भज्जी, उंडे, खीर आणि आंबील असे जेवण होते. ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची ही आंबील आदल्या दिवशी करून ठेवतात आणि मातीच्या भांड्यातून, वर फडके बांधून नेतात. एका वर्षी मी शहाणपणा केला. जीपमध्ये सांडायला नको म्हणून ती घट्ट फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरली. आंबलेले ताक, डोक्यावरचे ऊन आणि शेतापर्यंतचा वीस किलोमीटरचा खडबडीत रस्ता, यांचे पुढे काय होते हे विज्ञान शिकवणाऱ्या बाईला कळायला हवे होते. पूजा झाल्यावर मी झाकण फिरवले आणि आंबील आधी माझ्या चेहऱ्यावर, मग कोपीवर, आणि उरलेली नव्याने नात्यात आलेल्या एका पाहुण्यांच्या पांढऱ्या शर्टावर गेली. कोणीही हसले नाही. सगळे माझ्याकडे पाहत थांबले होते, कारण सांगण्याचा पहिला मान माझा होता. मी पदराने डोळे पुसले आणि म्हणाले, "पाचही पांडवांना प्रसाद पोहोचला." त्यानंतर जे हसणे झाले त्याने शेजारच्या शेतातली माणसे बांधावर येऊन उभी राहिली. पाहुण्यांचा शर्ट मात्र शेवटपर्यंत निघाला नाही आणि ते अजूनही आमच्याकडे येताना रंगीत शर्ट घालतात.

लेक आता पुण्याला शिकते. दर रविवारी तिच्या फोनवर नवी फजिती असते. परवा तिने खोलीतल्या मैत्रिणींना "मी जेवायले" असे सांगितले आणि त्या बिचाऱ्या "जेवायला काय?" असे विचारत पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिल्या. आपल्याकडे वाक्य तिथेच संपते, हे त्यांना समजावता समजावता हिची भाजी गार झाली. ही गोष्ट मी शाळेत सांगितली नव्हती. तिने काल परवानगी दिली, म्हणून इथे लिहिली.

वाघिणींसाठीही परवानगी घ्यावी लागली. धाकटा आता दहावीला आहे, मिशी फुटते आहे आणि पाच वर्षांच्या वयातली गोष्ट लोकांना सांगितलेली त्याला फारशी खपत नाही. मी त्याला हे सगळे वाचून दाखवले. त्याने पुस्तकातून मान वर न करता ऐकले आणि म्हणाला, "लिही. पण गोल ऱ्हायले की."

"कसले गोल?" मी विचारले.

"परातीपुढं खडूनं दहा गोल काढले होते. नंबर लावायला. एकदम दहा जणी आल्या असत्या, तर भांडणं झाली असती न्हाई का?"

मी ते गोल पाहिले नव्हते. मी आत्याबाईंकडे पाहिले. त्या बाजेवर पडल्या होत्या, डोळे मिटलेले होते.

"व्हते की," त्या म्हणाल्या. "आठ दिवस व्हते. सडा टाकायला पाणी कुठं व्हतं पुसाया? तू रोज त्याच्यावरूनच शाळंला जात व्हतीस."