लेप्रकॉनच्या हातातला बूट

डब्लिनमधले तीन दिवस पावसात आणि गर्दीत गेले, त्याबद्दल काही लिहीत नाही. पण लेप्रकॉनच्या, म्हणजे आयरिश गोष्टींतल्या जादूच्या बुटक्याच्या, बाहुल्यांनी खरंच डोकं उठवलं. प्रत्येक दुकानात हिरवी टोपी, लाल दाढी, सोन्याचा हंडा. अरे, आयरिश लोककथांमधला लेप्रकॉन मुळात मोची आहे! झुडपाआडून हातोडीची टकटक आली की ओळखायचं, बसलाय बूट ठोकत. हंडा ठेवला आणि बूटच काढून घेतला त्याच्या हातातून, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून गॉलवेच्या ट्रेनमधून मधेच बॅलिनास्लोला उतरले. सक नदीकाठचं हे गाव ऑक्टोबरच्या घोडेबाजारासाठी प्रसिद्ध, मी गेले मे महिन्यात, मैदान मोकळं. पण मला बघायचं होतं बुटांचं गाव. १९३२ मधे आयर्लंडमधे डी व्हॅलेरा या नेत्याचं सरकार आलं, बाहेरच्या मालावर जकात बसली आणि छोट्या छोट्या गावांत बुटांचे कारखाने निघाले. इथे १९३७ मधे गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि नगरपालिकेने मिळून डुबॅरी हा बुटांचा कारखाना सुरू केला, गावात रोजगार यावा म्हणून. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. पुढे १९७३ मधे आयर्लंड युरोपीय समुदायात गेला, स्वस्त बूट आले, देशातले बरेच कारखाने बंद पडले. डुबॅरी टिकला, बोटीवरचे आणि चिखलातले बूट करून, पण शिलाई आता पोर्तुगालमधे होते.

मी उतरले होते त्या घरातल्या आजोबांना हे सगळं विचारलं तर ते उठून आत गेले आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबाच घेऊन आले. त्यांचे आजोबा गावचे ग्रेसी, म्हणजे मोची, कारखान्याच्याही आधीचे. डब्यात आरी, रापी, मेणाचा काळा गोळा आणि रानडुकराचे राठ केस. सुईच नाही! मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक केस वळायचा, आरीने भोक पाडायचं आणि दोन्ही केस समोरासमोरून त्याच भोकातून ओढून घ्यायचे, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरी धरून ठेवते. चामड्याच्या तुकड्यावर त्यांनी पाच टाके घालून दाखवले, हात थरथरत होते पण टाके एका रेषेत. तोवर माझी गॉलवेची गाडी निघून गेली, पुढची दोन तासांनी. मग सहावा टाका मी घातला.