इंटरसेप्टरचे सायलेन्सर बदलावेत का?

माझ्या रॉयल एन्फिल्ड इंटरसेप्टर ६५० ला हलके सायलेन्सर बसवून इंधनाचे मॅपिंग (इंजिनला कधी किती इंधन मिळावे याची नव्याने जुळणी) करून घ्यावे, हा विचार कित्येक महिने मनात घोळतो आहे. नुसते सायलेन्सर बदलणे स्वस्त पडते, पण धूर मोकळा वाहू लागला की इंजिन अधिक हवा ओढू शकते; संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर इंधन सावरून घेतो, मात्र थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) ठरलेल्या तक्त्यानुसारच इंधन सोडतो आणि मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडून, इंजिन तापण्याची शक्यता राहते. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचे आदर्श प्रमाण १४.७ : १ असते, ई२० मध्ये (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये) इंधन त्याहून जास्त लागते, म्हणून डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मॅपिंग करणे मला अनिवार्य वाटते. खर्चाचा मोठा भाग इथेच आहे.

मूळची ताकद सुमारे ४७ बीएचपी. त्यात दोन-तीन बीएचपींची भर पडली, तरी पुणे-महाबळेश्वर प्रवासात ती मला क्वचितच जाणवेल. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार आवाज व प्रदूषणाची मानके मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पहाटे गल्लीतून निघताना शेजाऱ्यांची झोप मोडणे मला मुळीच पटत नाही. तूर्तास हेच पैसे उत्तम टायर आणि मागच्या सस्पेन्शनवर खर्च करण्याचे मी ठरवले आहे.