ट्रेलसाठी टॅब घेताय? आधी जीपीएस बघा

जिम्नी किंवा थारसारखी गाडी घेऊन सह्याद्रीतल्या कच्च्या रस्त्यांवर जाणारे बरेच जण विचारतात की गाडीत नकाशा बघायला टॅब कुठला घेऊ, तर सगळ्यात आधी एकच गोष्ट बघा, आत जीपीएस आहे का. नुसत्या वायफायवाल्या आयपॅडमध्ये ते नसतंच, सेल्युलरवाल्यात असतं, सिम टाकलं नाही तरी चालतं. घाटात रेंज जाते तिथे वायफायवाला टॅब नकाशा दाखवेल पण तुम्ही कुठे आहात ते नाही सांगणार, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही!

साइज ८ इंचाच्या आसपास पुरे, १० इंची हलतो फार आणि समोरचं झाकतो.

माउंट, म्हणजे टॅब धरून ठेवणारा स्टँड, मात्र स्वस्तातला नको. काचेवरचं सक्शन उन्हात तापून सुटतं, त्यापेक्षा डॅशला स्क्रूने पक्का केलेला बॉल माउंट (गोळ्याच्या सांध्यावर फिरणारा) घ्या, दांडी जितकी आखूड तितकी थरथर कमी. एअरबॅगच्या वाटेत अजिबात लावू नका, प्लीज. एसीच्या झोतासमोर जागा मिळाली तर बेस्ट, कारण आयपॅडला ॲपल ३५ डिग्रीपर्यंतच वापरा म्हणतं आणि एप्रिलमध्ये बंद गाडीत काय होतं माहितीच आहे. ऑस्मअँड या नकाशाच्या ॲपचे ऑफलाइन नकाशे घरूनच उतरवून ठेवा.