खोकणारा कुठे बसलाय?

गणपती उठले आणि आमच्या जुन्या स्पीकरांनीही राम म्हटला. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठणं आलं. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग; पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा.) नवे स्पीकर पारखायला पिशवीत तीन सीडी घेतल्या. बायको म्हणाली, "मुलगी बघायला निघाल्यासारखे निघालात!"

त्या तीन सीडी निवडण्यात दोन संध्याकाळी गेल्या होत्या. आधी अर्थातच आवडती गाणी काढली, आणि तिथेच चुकलं. आवडतं काही लागलं की मी यंत्र ऐकतच नाही, डोळे मिटून बसतो. मागे एकदा असाच एक स्पीकर उचलून आणला होता. घरी आल्यावर कळलं, छान होता तो भीमपलास.

म्हणून यंदा पहिली सीडी नुसत्या तंबोऱ्याची. जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधलेला झंकार) नीट लागली असेल तर खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो स्वयंभू गंधार वेगळा उमलतो, की चारही तारांची मिळून एक भुणभुण होते, एवढंच बघायचं. सुटा नाद काही लपवू देत नाही. एमपीथ्री घडवताना कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग यांनीसुद्धा गायिका सुझान वेगाचं 'टॉम्स डायनर' हे गाणं पुन्हा पुन्हा वाजवून पाहिलं होतं. त्यात साथीला एकही वाद्य नाही.

दुसरी तबल्याची. डग्ग्याच्या बाबतीत आपलेच कान फितूर. छोट्या स्पीकरमधून खालचा मूळ नाद निघालाच नाही तरी वरच्या स्वरांवरून मेंदू तो भरून काढतो. तेव्हा डग्ग्याचा 'घे' हा बोल ऐकू आला म्हणून भुलायचं नाही; मनगट सरकवून काढलेली मींड (सुराची सलग घसरण) उतरता उतरता मध्येच विरते का, ते ऐकायचं.

तिसरी माझी लाडकी. एका बैठकीचं रेकॉर्डिंग. विलंबित ख्याल, सम जवळ आलेली, आणि नेमकं कुणीतरी खोकतं. चांगल्या स्पीकरवर हा गृहस्थ डावीकडे, पेटीवाल्याच्या मागे बसलेला दिसतो. हो, दिसतो! सुमार स्पीकरवर तो थेट गवयाच्या मांडीवर.

दुकानदारानं आधी त्याची सीडी लावली. काच फुटली, ढोल वाजले, डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. "बेस बघा, साहेब!" आमच्या घरातून हेलिकॉप्टर फारसं जात नाही. मग महागडी जोडी लावताना त्याचा अंगठा हळूच आवाजाच्या बटणावर गेला. किंचित मोठं ते कानाला जास्त चांगलं वाटतं, आणि आवाज वाढला की खालचे सूर तर जास्तच भरतात. फ्लेचर आणि मन्सन या ध्वनिसंशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिलंय की हळू आवाजात ते सूर कानाला कमी ऐकू येतात. मी बटण परत खाली आणलं. तो हसला.

तंबोरा दोन मिनिटं चालल्यावर त्याला राहवेना. "साहेब, गाणं कधी सुरू होणार?"

शेवटी मधल्या किमतीची जोडी घेतली. परळची आमची दहा बाय बाराची खोली, खाली फरशी, समोर काचेचं शोकेस. पहिल्याच 'घे'ला शोकेसमधल्या कपबशांनी दाद दिली. दुकानातल्या गालिच्याच्या भिंती काही त्यानं बरोबर दिल्या नव्हत्या. कपांखाली घड्या घातलेले रुमाल सारले आणि बैठक लावली.

सम जवळ आली. तो खोकला.

"पाणी प्या जरा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.