बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या ओपीडीत : टाइप १ मधुमेह आणि मी

सहावीत असताना मला टाइप १ मधुमेह असल्याचं कळलं. तेव्हापासून नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका बालरोगतज्ज्ञांकडे माझी फाइल. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी), वजन, उंची, डोस. बोलायची आई, मी फक्त बोट पुढे करायचे.

अकरावीत डॉक्टर म्हणाले, "बाळा, पुढे तुला मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. तयारी आतापासून करू." अमेरिकन डायबेटीस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही ही तयारी उशिरात उशिरा एक वर्ष आधी सुरू करा, असंच म्हटलंय. आपल्याकडे बहुतेकांना ती मिळत नाही, मला मिळाली.

पहिला बदल म्हणजे, डॉक्टरांनी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. आईला ते लागलं. रात्री दोनला उठून माझी शुगर बघणारी तीच, आणि तिलाच बाहेर काढायचं? पण त्या दहा-पंधरा मिनिटांत मी जे विचारलं, ते तिच्यासमोर कधीच विचारलं नसतं. पाळीच्या आधी शुगर का चढते? मैत्रिणींसोबत रविवारी मिसळ खायला गेले तर इन्सुलिन किती घ्यायचं? (पाव मोजायचे आणि इंजेक्शन खाण्याआधी घ्यायचं, गर्दीत लाज वाटली म्हणून टाळायचं नाही.) हॉस्टेलच्या पार्टीत कुणी दारू पुढे केली तर? दारूमुळे यकृत रक्तात साखर सोडणं कमी करतं, त्यामुळे शुगर काही तासांनी, अगदी झोपेतही घसरू शकते, हे मला तिथे कळलं. लग्नाचं आणि बाळंतपणाचंही बोललो. मूल होऊ शकतं, फक्त शुगर गर्भ राहण्याआधीपासूनच ताब्यात हवी. हे ऐकून घरी आल्यावर मी खूप रडले, बरं वाटून.

अठरावं वर्ष म्हणजे बारावी, सीईटी, प्रवेश, सगळं एकदम. त्याच वर्षी डॉक्टरही बदलायचे, हे मला आजही पटत नाही. माझी बदली प्रवेश झाल्यावर झाली ते बरंच झालं.

तरी सुरुवात वाईट झाली. ज्या ओपीडीत आधी गेलो, तिथे फाइल न उघडताच सांगितलं, "वजन कमी करा, गोड बंद करा, गोळ्यांवर येतं का बघू." माझं वजन तेव्हा ४६ किलो होतं. मोठ्यांच्या मधुमेहाच्या ओपीडीत बहुतेक रुग्ण टाइप २ चे असतात, त्यांच्यातल्या अनेकांचं वजन कमी करून आणि गोळ्यांवर भागतं, त्यामुळे हे घडतं. पण टाइप १ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराची प्रतिकारशक्तीच नष्ट करते. इन्सुलिन थांबवून नुसत्या गोळ्यांवर राहिलं तर रक्तात किटोन नावाची आम्लं साचून (किटोॲसिडोसिस) जिवावर बेतू शकतं.

आम्ही परत जुन्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका पानावर सगळं लिहून दिलं : निदान कधी झालं, कोणतं इन्सुलिन किती युनिट, मागचे एचबीए१सी, डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन आणि थायरॉइड शेवटचं कधी तपासलं. मग टाइप १ चे रुग्ण नेहमी बघणाऱ्या एका एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हार्मोनच्या आजारांच्या तज्ज्ञांना) त्यांनी स्वतः फोन केला. "त्यांच्याकडे रुळेपर्यंत अडलं तर मला फोन कर," असंही म्हणाले. त्या वाक्याचा आधार मोठा होता.

मुंबई नाक्याजवळच्या त्या क्लिनिकमध्ये मॅडमनी आईकडे न बघता मलाच विचारलं, "उलट्या होत असतील, जेवण जात नसेल, तर इन्सुलिनचं काय करशील?" मी म्हणाले, "बंद करणार नाही. शुगर आणि किटोन तपासेन, तुम्हाला फोन करेन." मॅडम हसल्या आणि फाइल उघडली.

इथे तारीख चुकली तर आठवणीचा फोन येत नाही. गर्दी जास्त, वेळ कमी. म्हणून प्रश्न आदल्या रात्री लिहून नेते. कॉलेज रोडवरच्या रूममेट्सना शिकवून ठेवलंय : मी घामाघूम होऊन थरथरायला लागले तर तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन.

तुमच्या घरी टाइप १ असलेलं चौदा-पंधराचं मूल असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा की ही तयारी कधी सुरू करायची, सारांश कोण लिहून देईल आणि शहरात टाइप १ नेहमी बघणारं कोण आहे. आणि त्या भेटीत दहा मिनिटं तुम्ही बाहेर बसा.